पाचव्या ओळीतलं तिसरं अक्षर

पट्टीला पोट सुटलं होतं. धाकटीने ती खाली ठेवली, गठ्ठ्यातली दुसरी उचलली, डावा डोळा मिटून उजव्याला लावली आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत नजर सोडली. हिलाही पोट. बरोबर मध्यावर, वरच्या अंगाला, जेवून उठलेल्या माणसासारखं. तिसरीलाही तसंच. फ्रेमच्या धंद्यात पट्टी वाकडी निघणं नवीन नाही. लाकूड पाणी पितं, ऊन खातं, मनाला येईल तसं वळतं. पण गठ्ठाच्या गठ्ठा एकाच जागी, एकाच मापाने वळलेला तिने आजवर पाहिला नव्हता. तिने पट्टीवाल्याला फोन लावला, आत्ताच्या आत्ता या म्हणाली, आणि तो येईपर्यंत त्याला काय काय सुनवायचं ते मनात जुळवत बसली. राग आला की तिला बरं वाटायचं. अंगात ऊब यायची.

पट्टीवाला आला. वर्षानुवर्षांचा माणूस, तोंडाळ पण नेकीचा. त्याने एक पट्टी काचेच्या टेबलावर आडवी ठेवली. पट्टीखाली फट नव्हती. खिशातून एक कागद काढून त्याचा कोपरा त्याने खाली सरकवायचा प्रयत्न केला, तो कुठेच शिरेना. "ताई, नाचता येईना..." एवढं म्हणून त्याने उरलेली म्हण गिळली, कारण अंगणाला नावं ठेवणाऱ्यातली ही बाई नव्हे हे त्यालाही माहीत होतं. धाकटीने पट्टी उचलून पुन्हा डोळ्याला लावली. पोट वर. मग तिने ती उलटी केली. खरोखर वाकलेली पट्टी उलटी केली की पोट खाली जातं, हे या कामात पहिल्या आठवड्यातच कळतं. पोट खाली गेलं नाही. वरच राहिलं, जागच्या जागी. तिने पट्टी हातात फिरवून बघितली, कुशीवर, उलटी, सुलटी. पट्टी फिरत होती आणि पोट तिथेच बसून होतं. म्हणजे ते पट्टीला नव्हतंच. "पट्ट्या चांगल्या आहेत," ती म्हणाली. "माझंच चुकलं. चहा घेऊन जा." पट्टीवाला इतका गोंधळला की चहा न घेताच गेला. या बाईच्या तोंडून 'माझं चुकलं' ऐकायची त्याला सवय नव्हती.

ती स्टुलावर बसून राहिली. मांडीवर पट्टी, पायाशी भुसा, नाकात सरसाचा वास. हा वास तिला माहेरापेक्षा जवळचा होता. या मागच्या खोलीत तिचं निम्म्याहून जास्त आयुष्य गेलं होतं आणि बरं गेलं होतं. दोन काप एकमेकांना भिडून कोपरा मिटला, बोट फिरवलं तरी सांधा लागेना, की आजही तिच्या पोटात काहीतरी निवांत होऊन बसायचं. एवढ्याशा गोष्टीसाठी कुणी जगतं का, असं तिचा नवरा चेष्टेने विचारायचा, आणि ती मनात म्हणायची, मी जगते. तिने उजवा डोळा मिटला आणि डावा उघडून पट्टी बघितली. सरळ. सुतासारखी सरळ. पण डाव्या डोळ्याने बघताना पट्टी परक्याच्या घरात ठेवल्यासारखी वाटली. डाव्याला तिने कधी कामाला लावलंच नव्हतं. त्याचं काम मिटण्याचं. उजवा राबतो आणि डावा झोपतो, असा त्या दोघांचा जन्माचा करार होता. आता राबणाऱ्यालाच पोट दिसायला लागलं. उजवा गेला तर ही खोली गेली, हे तिला स्पष्ट कळलं.

"बारा बाय सोळा! काळी, बारीक! माउंट पांढरा!" पुढच्या दुकानातून थोरलीचा आवाज आला. धाकटी उठली, काळी बारीक पट्टी काढली, माउंटचा पांढरा पुठ्ठा काढला, बारा मोजले, सोळा मोजले. हात आपले आपण चालले. असंच चालत आलेलं. सासऱ्यांनी दुकान वाटलं तेव्हा पुढचा गल्ला थोरल्या जावेला दिला आणि मागची खोली धाकटीला. दोघे भाऊ बाहेरची कामं बघायचे, लोकांच्या भिंतींवर फ्रेमा टांगत फिरायचे. थोरली गिऱ्हाईकाशी गोड बोलायची, माप घ्यायची आणि जागचं न हलता ओरडून सांगायची. मधे पडदा. धाकटी ऐकायची आणि कापायची. चिठ्ठी नाही, पुन्हा विचारणं नाही. थोरलीने सांगितलेलं माप कधी चुकलं नाही आणि धाकटी ऐकलेलं कधी विसरली नाही. एकदा सासऱ्यांनी धाकटीचे कोपरे बघून चारचौघांत तारीफ केली, तेव्हा थोरली म्हणाली होती, कानामागून आली आणि तिखट झाली. ते वाक्य धाकटीने अजून जपून ठेवलेलं होतं. अधूनमधून काढून बघायची. दोघींमध्ये भांडण असं नव्हतं, मोजमाप होतं. कुणाची खोली हवेशीर, कुणाची मुलं मार्गाला आधी लागली, कुणाच्या हाताला चव. आणि घरात पहिला मान थोरलीचा. पहिली आंघोळ तिची, पहिला कप तिचा, नाव पुकारलं तर आधी उठणार ती.

साखरेचा आजारही आधी तिलाच लागला. मग मागोमाग धाकटीला, जणू काही मागे राहायचं नव्हतं. पुढे डोळेही तसेच. थोरलीला एक दिवस गिऱ्हाईकाच्या नाकाच्या जागी ढग दिसायला लागला, म्हणून डॉक्टरांकडे नेलं. आणि डॉक्टरबाईंनी साखरवाल्या जावेचेही डोळे तपासून घ्या म्हटलं, म्हणून धाकटी गेली. दोघींच्याही उजव्याच डोळ्याचा पडदा सुजलेला निघाला. बारीक रक्तवाहिन्या पाझरतात, पडद्यात पाणी साठतं, आणि ओल धरलेल्या कागदासारखा तो फुगतो, असं डॉक्टरबाई म्हणाल्या. कागदाची उपमा धाकटीला चटकन कळली. ओल धरलेलं चित्र तिने किती वेळा काचेखाली सपाट केलं होतं. इथे मात्र काच दाबून भागणार नव्हतं. डोळ्यात इंजेक्शन घ्यायचं होतं.

औषधं तीन होती आणि डॉक्टरबाईंनी ती शांतपणे समजावून सांगितली. एक जुनं, स्वस्त, बहुधा दर महिन्याला घ्यावं लागणारं. दुसरं त्याच्याच गोतातलं, महाग. तिसरं आणखी महाग. सुरुवातीला तेही महिन्याच्या महिन्यालाच, पण पुढे बऱ्याच जणांना दोन इंजेक्शनांत जास्त अंतर ठेवता येतं. नजर फारशी उतरलेली नसेल तर तिन्ही जवळपास सारखंच काम करतात. जास्त उतरली असेल तर पहिल्या वर्षात तिसरं पुढे राहतं, मग हळूहळू फरक कमी होत जातो. थोरलीची नजर फारच उतरली होती, म्हणून तिला तिसरं. धाकटीला पाचव्या ओळीपर्यंत दिसत होतं, म्हणून तिला पहिलं. यात कुणाचा काही दोष नव्हता. पण धाकटीला ऐकू आलं ते एवढंच, की थोरलीला भारीतलं आणि मला स्वस्तातलं. आजारपणातसुद्धा हवेशीर खोली तिचीच. वर थोरली रिक्षात बसता बसता म्हणाली, "माझं जरा तगडं औषध आहे ना, म्हणून मला अंतराने चालणार. तुला बाई दर महिन्याला यायचं." त्याच दिवशी धाकटीने ठरवलं की स्वस्तातल्या औषधाने ती भारीतल्याला मागे टाकून दाखवेल. आता औषध काही कुणी ठरवलेलं ऐकत नसतं, पण जावेला कोण सांगणार.

आणि खरं सांगायचं तर ते दिवस वाईट नव्हते. डोळा बधिर करणारे थेंब, मग पिवळ्या औषधाची आग, पापण्या ताणून धरणारा तो थंड चिमटा, "वर बघा, हलू नका," आणि मग फक्त एक दाब, कुणी अंगठा टेकवल्याएवढा. दुसऱ्या दिवशी नजरेत काळे गोल बुडबुडे तरंगायचे, मान हलवली की हलायचे. घरी आल्यावर दोघी एकाच खोलीत पडदे ओढून आडव्या व्हायच्या, कारण दोघींना उजेड नको असायचा. थोरलीला त्या दिवशी इंजेक्शन नसलं तरी ती सोबत म्हणून आडवी व्हायचीच. तिथे अंधारात त्या मापं सोडून दुसरं काही बोलायच्या. थोरलीला विहिरीची भीती वाटते, हे धाकटीला इतक्या वर्षांनी तिथे कळलं. धाकटी लग्नानंतर पहिल्या वर्षी मागच्या खोलीत भुशावर बसून रडायची, हे थोरलीला तेव्हाच माहीत होतं, तेही तिथे कळलं. पडद्यापलीकडून ऐकू यायचं, थोरली म्हणाली, म्हणून मी तेव्हा मापं जास्तच सांगायचे, तुझे हात चालते राहावेत म्हणून. धाकटीने कूस बदलली आणि तिला गाढ झोप लागली.

काळी पट्टी कापून झाली. कोपरे जुळवताना तिने डोळ्यावर भरवसा न ठेवता काटकोनाचा गुण्या लावला. दर महिन्याच्या डोळ्यांच्या तपासणीत तर ती थोरलीच्या पुढे होती, याचाच तिला मेळ लागेना. आधी थोरली आत जायची, अक्षरांच्या पाटीसमोर बसायची, एक डोळा झाकून मोठ्याने वाचायची, गल्ल्यावरून माप सांगावं तशी. दार उघडंच असायचं. धाकटी बाहेरच्या बाकावर. मग तिचा नंबर. आणि तिचा उजवा डोळा चौथी, पाचवी, सहावी, सातवी ओळ सरळ वाचत जायचा, मोजून थोरलीएवढी, आणि थोरली दमून थांबायची तिथे कधी एखादं अक्षर जास्तच. मागच्या दोन खेपांना डॉक्टरबाईंनी स्कॅन बघून कपाळाला आठी घातली होती. पाणी परत थोडं वाढलेलं दिसतंय, त्या म्हणाल्या होत्या, पण तुम्ही इतकं छान वाचताय, नजर एवढी चांगली असताना इंजेक्शनाची घाई नको, थांबून बघू. दोन खेपा इंजेक्शन नाही. धाकटी थोरलीकडे बघून हसली होती. स्वस्तातलं औषध जिंकलं होतं. सातवी ओळ वाचणाऱ्या डोळ्याला हातभर पट्टी सरळ दिसू नये, हे कसं? घरी भिंतीवर लावायला डॉक्टरबाईंनी चौकटींचा कागद दिला होता, रेघा वाकड्या दिसतात का ते रोज एकेक डोळा झाकून बघा म्हणून. पण दिवसभर चौकटीच बघणाऱ्या बाईने घरी जाऊन आणखी चौकटी काय बघायच्या, असं म्हणून ती दोन्ही डोळ्यांनी एक नजर टाकून पुढे जायची.

गुण्या बाजूला ठेवताना तिला ती पाटीजवळची बाई आठवली, अक्षरं वाचून घेणारी. मागे एकदा ती हसून म्हणाली होती, "तुम्ही दोघी जावा अगदी सख्ख्या बहिणी शोभता. पाचव्या ओळीतलं तिसरं अक्षर दोघीही गाळता." तेव्हा धाकटीला ते गोड वाटलं होतं. इतकी वर्षं एका छपराखाली राहिलं की चुकासुद्धा सारख्या व्हायला लागतात, असं तिने घरी नवऱ्याला सांगितलंही होतं. थोरलीच्या डोळ्यात त्या जागी डाग होता. त्या ओळीच्या मधोमध आलेलं अक्षर तिला कधी सापडायचं नाही. पण मला का सापडू नये? आणि मग धाकटीला ते अक्षर दिसलं. पाटीवर नव्हे, पहिल्या दिवसाच्या आठवणीत. पहिल्या दिवशी ती एकटीच आत गेली होती, थोरली सोबत नुसती बाकावर बसलेली, आणि पाचवी ओळ वाचताना मधोमध तिला एक 'ळ' दिसला होता. कापत्या आवाजात तिने तो वाचलाही होता. त्या दिवशी दिसलेला ळ पुढे तिने एकदाही वाचला नव्हता. थोरली जिथे गप्प व्हायची तिथे ती गप्प व्हायची. ती पाटी वाचतच नव्हती. पडद्यापलीकडून आलेलं माप कापत होती, जन्मभर कापलं तसं, न विचारता, न चुकता. कधी एखादं अक्षर जास्त आलं, तेही मागच्या कुठल्या खेपेला थोरलीकडूनच ऐकलेलं. डोळ्याच्या जागी कान बसला होता आणि तिला स्वतःला त्याचा पत्ता नव्हता. ती स्टुलावर परत बसली आणि आधी तिला हसूच आलं. मग भीती वाटली. दोन खेपांचं पाणी त्या पडद्यात साठलेलं होतं आणि ते तिने जिंकून साठवलं होतं.

दुसऱ्या दिवशी दोघींची तपासणी होतीच. रात्री नवऱ्याला तिने सगळं सांगितलं. तो म्हणाला, सांगून टाक, त्यात काय. बोलणं सोपं होतं. धाकटीला डॉक्टरांची लाज नव्हती वाटत. थोरली बाकावर बसून ऐकणार, याची वाटत होती. एवढी वर्षं बरोबरीत आणलेलं मोजमाप आपल्याच तोंडाने तीन ओळी खाली ढकलायचं होतं.

नाव पुकारलं तेव्हा सवयीने थोरली उठली. "वहिनी," धाकटी म्हणाली, "आज मी आधी जाते." थोरली अर्धवट उठलेली तशीच थांबली. असं आजवर झालं नव्हतं. तिने धाकटीच्या तोंडाकडे बघितलं आणि हळूच परत बसली. आत धाकटी पाटीसमोरच्या खुर्चीत बसली, डावा डोळा झाकला, आणि बाईंनी काठी उचलायच्या आत म्हणाली, आज मी ओळ शेवटाकडून वाचणार. ओठांवर थोरलीचा आवाज तयार होता, पहिल्यापासून सातवीपर्यंत, पण उलट्या दिशेने तो चालत नव्हता. पहिली ओळ दिसली. दुसरी. तिसरीतली दोन अक्षरं डोकं तिरकं करून सापडली. चौथीत अक्षरं पाण्यात पडल्यासारखी हलत होती. पाचवीत ती मधोमध येऊन थांबली. उलट वाचा की सुलट, मधलं अक्षर मधलंच राहतं.

"तिथे ळ आहे," ती म्हणाली. "पण मला दिसत नाहीये. आठवतोय." आवाज तिने मुद्दाम मोठा ठेवला, दार उघडं होतं म्हणून.

मग डॉक्टरबाईंना तिने सगळं सांगितलं, पट्टीच्या पोटापासून. त्या रागावल्या नाहीत. स्कॅन शेजारी ठेवून बघत राहिल्या आणि म्हणाल्या, आता कुठे स्कॅनचा आणि वाचण्याचा मेळ बसला, मी दोन महिने डोकं खाजवत होते. ज्याची भीती होती तो प्रश्न धाकटीनेच विचारला, की उशीर झाला का. "उशीर थोडा झालाय, पण वेळ गेलेली नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "आजच इंजेक्शन देऊ. आणि औषध बदलू या. आता तुमची नजर खाली आलीय, तेव्हा तिसरं बरं. पट्टी पूर्ण सरळ होईल असं वचन मी देत नाही. पण बऱ्याच जणांचं पोट ओसरतं." धाकटीला हे बोलणं आवडलं. चांगला कारागीर असंच बोलतो, कोपरा मिटेल म्हणतो, सांधा दिसणारच नाही असं म्हणत नाही. तिसरं औषध, म्हणजे थोरलीचं. बरोबरी झाली तीही अशी झाली, हे मनात येऊन तिला हसू फुटलं.

बधिर करणारे थेंब घालून तिला बाहेर बाकावर बसवलं. थोरली पुढे बघत बसली होती, पर्स मांडीवर घट्ट धरून.

"तुला ऐकू जावं म्हणूनच मी मोठ्याने वाचायचे," थोरली म्हणाली.

धाकटीने वळून बघितलं. थेंबांमुळे थोरलीचा चेहरा कडेने विरघळलेला दिसत होता.

"पहिल्या दिवशी तू बाहेर आलीस तेव्हा तुझे हात थरथरत होते. तुझे हात, अगं. मी कधी बघितले नव्हते थरथरताना. म्हटलं, हिला आधी कळू दे काय लिहिलंय ते, म्हणजे घाबरणार नाही. मला काय माहीत त्याने इंजेक्शन चुकेल म्हणून. मला वाटलं मी मदत करतेय." तिचा आवाज इतका बारीक झाला होता की ही गल्ल्यावर बसणारी बाई आहे असं कुणाला वाटलं नसतं.

धाकटीला वाटलं होतं की ती मिरवण्यासाठी ओरडते. इतके महिने तिने तो आवाज मिरवण्याच्या खात्यात मांडला होता, आणि तो भुशावर बसून रडणाऱ्या मुलीसाठी सांगितलेलं आणखी एक माप होता. तिने थोरलीचा हात पर्सवरून सोडवून आपल्या मांडीवर घेतला. हात गार होता. राग कुठे सापडतो का म्हणून तिने स्वतःत बघितलं, नव्हता. उलट कोपरा मिटल्यावर व्हायचं तसं पोटात काहीतरी निवांत होऊन बसलं होतं, डोळ्याचं काय होणार ते ठाऊक नसताना.

"वहिनी, तुमचं माप कधी चुकत नाही," ती म्हणाली. "गिऱ्हाईक चुकीचं होतं, एवढंच."

थोरलीने नाक पुसलं आणि म्हणाली, "फार शहाणी झालीस. कानामागून आली..." पुढचं तिने सोडून दिलं. तेवढ्यात आतून तिचं नाव पुकारलं. ती उठली, पर्स धाकटीच्या मांडीवर ठेवली आणि आत गेली. दार नेहमीसारखं उघडंच राहिलं. धाकटी भिंतीला डोकं टेकवून, डोळे मिटून बसली, आणि सवयीने कान तिकडे गेले. काठी पाटीवर टेकल्याचा आवाज आला. मग बाईंचा आवाज आला, "आजी, जरा मोठ्याने वाचा ना, मलासुद्धा ऐकू येत नाहीये."

त्यावर थोरली काय म्हणाली, तेही धाकटीला ऐकू आलं नाही.